भामट्याशी तह

४ मार्च

तीर्थरूप दगाबाज दादास,

नमस्कार नाही, काही नाही. तू माझी अक्कलदाढ घेतलीस!

दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासून घरी आले, हातावरची प्लास्टरची पूड धुतली, चहाचा कप घेऊन मोठ्या कौतुकानं कॉम्प्युटर उघडला. तुझा डाव आला होता. नकाशा उघडते तर काय, माझ्या बंदरावर तुझं निशाण! दीपगृह तुझं, ग्रंथालय तुझं, गोदीत अर्धवट बांधलेलं जहाजसुद्धा तुझं. आणि वर तो आगाऊ सल्लागार मलाच विचारतोय, ‘महाराणी, प्रजा नाराज आहे, नाटकगृह बांधायचं का?’ बांध बाबा. माझंच नाटक लाव त्यात.

आपला तह होता, दादा. या नकाशावर पहिलं गाव वसवलं तेव्हापासून. मी माझ्या गावांना दातांची नावं दिली, तू आपल्या जुन्या घराच्या कोपऱ्यांची दिलीस. जिना, माळा, मोरी, गच्ची. इतकी वर्षं एक डाव तुझा, एक माझा, असं एकमेकांना पाठवत आलो. मोरीच्या वेशीवर माझे घोडे उभे असायचे, पण मी कधी बोट तरी लावलं का मोरीला?

दगा द्यायला आपल्याकडे भामटा होता की! तो तिसरा राजा, कॉम्प्युटर चालवतो तो. कमरेत वाकतो, गोड हसतो, ‘आपली मैत्री अमर राहो’ म्हणतो आणि पुढच्याच डावात होड्या घेऊन दारात हजर. त्याला सोनं फुकट मिळतं, आपलं लपवलेलं सैन्य त्याला दिसतं, त्याच्या गावात कधी दंगल होत नाही. जीव जळतो नुसता. पण तो यंत्र आहे, तो लबाडी करणार, हे धरूनच आपण खेळतो. त्याच्याशी कधीही तह करायचा नाही, ही शपथ तूच मला घातलीस. तू तर माणूस आहेस ना रे?

आणखी एक. पत्राशिवाय डाव पाठवायचा नाही, हा नियम तुझा. पूर्वी पानं भरभरून लिहायचास. हल्ली चार ओळी येतात. ज्याच्या घोषणेवर उभं स्टेशन इकडचं तिकडे व्हायचं, त्या माणसाला बहिणीसाठी शब्द कमी पडायला लागले?

शाळेत सिस्टर सांगायच्या, रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशीखाली ठेवावं. मी ठेवणार नाही. हे बघ, पाठवलं.

मिरची


११ मार्च

चि. मिरची,

पत्र मिळालं. राज्य म्हटलं की असं व्हायचंच. एवढं मनाला लावून घेऊ नको. मी बरा आहे. वहिनीही बरी आहे. इकडे हवा कोरडी आहे.

खरं सांगायचं तर हल्ली या खेळाचा वैताग येतो. एक डाव खेळायचा म्हणजे सगळी गावं फिरून यायची. प्रत्येक गाव विचारतंय आता काय बांधू, प्रत्येक मजूर विचारतोय आता कुठे जाऊ. अरे, तुमचं तुम्ही बघा ना जरा! माणसानं घरचं करायचं की यांचं? एका गावाला धान्य द्यावं तर दुसऱ्यात दंगल. सगळ्यांची तोंडं बंद करून शेवटचं बटण दाबावं, तर पुन्हा पहिलं गाव दारात उभं, आता काय बांधू? आणि याला लोक करमणूक म्हणतात!

डाव जोडला आहे.

दादा


१३ मार्च

दादा, किंवा जे कोणी असाल ते,

हवा कोरडी आहे? माझ्या भावानं जन्मात कधी मला हवा कळवलेली नाही.

डाव बघितला. नदीकाठी नवीन गाव वसवलंयस, नाव काय, तर ‘नवनगर ३’. हे नाव यंत्र सुचवतं. ते खोडून आपलं नाव घातल्याशिवाय दादा पुढचं बटण दाबत नाही. घराचे कोपरे संपले तर शेजारच्यांच्या घराचे घेईन, म्हणाला होता. आणि राजधानीत एकही शिपाई नाही! जिन्याखाली आपण दोघं गोधडी पांघरून बसायचो, म्हणून राजधानीचं नाव जिना. तिथे दादा कायम दुप्पट पहारा ठेवतो. तो जिना उघडा टाकून माझ्या बंदरावर कसा जाईल?

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू तुझ्या जागी यंत्राला बसवलंस. तशी सोय आहे त्या खेळात, मला माहीत आहे. ‘आपोआप’वर टाकायचं आणि आपण मोकळं व्हायचं. म्हणजे इतके दिवस मी दोन भामट्यांशी खेळतेय आणि एकाला पत्रं लिहितेय! स्वयंपाक गॅसवर ठेवून तुला पत्र लिहिते रे मी. भाजी करपते माझी.

की हे वहिनीचं काम? तिचा या खेळावर जुना दात आहे. फोन केला की तीच उचलते, आणि तू दरवेळी अंघोळीला गेलेला असतोस. दिवसातून अंघोळी तरी किती करतोस?

कंटाळा आला असेल तर तसं सांग. ‘मिरची, आता पुरे’, एवढं म्हण. मी रडेन, शिव्या देईन आणि गप्प बसेन. पण असं यंत्राच्या आड लपू नको.

डाव जोडलेला नाही. खरं उत्तर आल्याशिवाय मिळणार नाही.

मिरची


१९ मार्च

मिरची,

अंघोळी तो करत नाही. मी घालते.

डिसेंबरात एका सकाळी दाढी करता करता पडला. मला बाहेर फक्त आवाज आला, बादली पडल्यासारखा. उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, वाचा बंद झाली. हॉस्पिटलमध्ये तुला फोन लावायला घेतला तर डाव्या हातानं माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं आणि मान हलवली. नाही. आवाजावर जन्म काढलेला माणूस. तुझ्या कानात त्याचा जो आवाज आहे तोच राहावा, असं त्याचं म्हणणं असावं. ‘असावं’ म्हणते, कारण त्याचं म्हणणं काय आहे हे आताशा मलाच ठरवावं लागतं.

बोलायचे व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. गोड आहे. ती आली की तो भिंतीकडे तोंड करतो. हाताचे व्यायाम नाहीत, पायाचे नाहीत. ती म्हणते, सुरुवातीचे महिनेच काय ते आपल्या हातात असतात. ते महिने त्या भिंतीकडे बघण्यात चाललेत.

घरी आणल्यावर तुझा पहिला डाव आला तेव्हा मला वाटलं, यानं तरी उठेल. खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसवलं. तो बोट दाखवायचा, मी बटणं दाबायची. मला काही समजेना. घोडा म्हणायचा असेल, मी होडी हलवली. मजूर म्हणायचा असेल, मी गाव विकलं. शेवटी त्यानं कीबोर्ड जमिनीवर आपटला. त्यानंतर स्क्रीनकडे बघितलेलं नाही. डाव थांबला तर तुला संशय येईल म्हणून मी एकटीच खेळत राहिले. यंत्र नाही बाई, मी आहे. ‘आता काय बांधू’ म्हणून मलाच विचारतात ते मेले.

आणि तू मला जुना राग शिकवतेस? मला कळा सुरू झाल्या तेव्हा तुझा भाऊ म्हणाला, ‘थांब, एवढा एक वेढा संपवतो.’ मी दाराला धरून उभी आणि हा वेढा संपवतोय! लेक तिकडे परगावी संसाराला लागली, पण तो वेढा माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. ‘एकच डाव आणि उठतो’, हे ऐकत किती वरणं आणि किती चहा गार झाले, त्याची गणतीच नाही. मी कारखान्यात दिवसभर कापड बेतून, उभ्यानं पाय सुजवून यायची आणि महाराज दिग्विजयावर गेलेले असायचे.

अक्कलदाढ मीच घेतली. चुकून नाही. मुद्दाम. त्या दिवशी त्याला कुशीवर वळवताना माझी पाठ धरली. मग तुझा डाव उघडला. तुझं ते दीपगृह, ते ग्रंथालय, सगळं कसं नीटनेटकं. वाटलं, हिला बरं, हिला नुसतं पत्र लिहून रागवायला मिळतं. आणि टाकला हल्ला. फार बरं वाटलं. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

डिसेंबरापासून! आणि मला तू हवा कळवत होतीस!

पत्र लॅबमध्ये वाचलं. हातातली कवळी फरशीवर पडून तिचे दोन तुकडे झाले. साहेब बाहेर आले, म्हणाले काय झालं. मी म्हटलं, काही नाही, हवा कोरडी आहे.

तो माझा भाऊ आहे, वहिनी. तुझा नवरा झाला त्याच्या कितीतरी आधीपासून. त्यानं मनगट धरलं म्हणून तू थांबलीस? एवढी त्याचं ऐकणारी कधीपासून झालीस? जन्मभर त्याचं एक ऐकलं नाहीस, आणि नेमकं हे ऐकलंस! उद्या त्याला काही झालं असतं तर? तर मला कोणी कळवणार होतं, की ‘नवनगर ४’?

मी काय काय लिहिलं त्याला. दगाबाज. शब्द कमी पडतात म्हणून टोमणा मारला. तू ते सगळं वाचत होतीस आणि मला लिहू देत होतीस. हे मी विसरणार नाही.

आणि त्याला उचलतेस तू एकटी? त्या पाठीनं? मला नाही, तर निदान लेकीला तरी सांगायचंस. की तिलाही हवाच कळवतेस? याचाही मला संताप आलाय, तो वेगळा.

बंदराचं काही नाही. ते घे, लोणचं घाल. मी येतेय. बॅग भरली आहे.

मिरची


२२ मार्च

मिरची,

येऊ नको.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. ‘बॅग भरली आहे’ ऐकल्यावर पाण्याचा पेला भिंतीवर गेला. मग चादर डोक्यावरून ओढून घेतली ती संध्याकाळपर्यंत काढली नाही. जेवला नाही. मी चादरीशी बोलत बसले.

मला तू हवी आहेस, खोटं कशाला बोलू? लेकीला सांगितलंय, ती येऊन राहून गेली. तिच्याकडेही बघत नाही तो. पण तू न विचारता आलीस तर हा आणखी आत जाऊन बसेल, अशी भीती वाटते. मग त्याला बाहेर काढायला माझ्याकडे काही उरणार नाही.

तुझी हद्द चुकवून किनाऱ्यावर एक गाव वसवलंय. नाव मीच दिलंय, कात्री. तू डाव पाठवला नाहीस, म्हणून माझ्याकडचा जुनाच पुढे खेळून पाठवतेय. तुला रागानं खेळायचं तर रागानं खेळ, पण खेळ. एवढंच तर मधे उरलंय आपल्या.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

बॅग रिकामी केलेली नाही. पलंगाखाली ढकलली आहे.

खालचं सगळं त्याच्या उशाशी बसून मोठ्यानं वाच. मधे थांबू नको, रडू तर अजिबात नको.

दादा, मी भामट्याशी तह केला. हो, केला. त्याला माझ्या रस्त्यांवरून वाट दिली, तोफेच्या दारूची कृती दिली आणि तुझ्या राज्याचा आख्खा नकाशा दिला. जिन्यात पहारा नाही हेही आता त्याला माहीत आहे. मोरी, माळा, गच्ची, एकेक करून घेईल तो. ‘आपली मैत्री अमर राहो’ म्हणाला, मी म्हटलं, राहो. तू घातलेली शपथ मोडली. तुला त्याचं काही वाटत असेल तर ऊठ आणि बोल. नाहीतर झोप तसाच भिंतीकडे बघत, मी तुझं राज्य भामट्याला वाढून ठेवते.

वाचलंस? आता तुझ्यासाठी. मजूर ‘आपोआप’वर कोणी टाकले? ते जंगल तोडून शेत करतात, मग शेत मोडून जंगल लावतात आणि त्याचाही हिशोब आपल्यालाच विचारतात. त्यांना हाताखाली घे. गावाला आधी तट, मग बाजार. तू बाजार आधी बांधतेस, म्हणजे लुटारूंना आमंत्रणच. आणि रागात हल्ला करायचा तर निदान मागे कुमक ठेवावी माणसानं.

कात्री हे नाव मात्र चांगलं आहे.

मिरची


१६ एप्रिल

मिरची,

तुझी युक्ती फुकट गेली. दोनदा वाचलं, मोठ्यानं, तू सांगितलंस तसं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. संपलं. मला तर वाटलं, झालं, आता याला राज्यही नको.

मी चडफडत डाव खेळायला बसले, कारण कात्री. बाई, काय सांगू, त्या गावात जीव गुंतला होता माझा. माझं स्वतःचं पहिलं गाव. आधी तट, मग बाजार, सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे. मजुरांना एकेकाला हाताला धरून कामाला लावलं. आणि होतं नव्हतं ते सोनं खर्चून एक पोलादी युद्धनौका बांधली, तोफांनी भरलेली. समोरच्या किनाऱ्यावर भामट्याचा एक भालेवाला उभा होता. एकटा. उघडाबंब. आदिमानवाच्या काळापासून तिथेच उभा असावा. म्हटलं, याला उडवू आणि पुढे जाऊ. बटण दाबलं.

भालेवाल्यानं माझी युद्धनौका बुडवली.

भाल्यानं! पोलादी जहाज! किनाऱ्यावर उभं राहून! मी आधी बघतच राहिले. मग म्हटलं, चुकलं असेल काही. तेवढ्यात तो हसरा मेला वाकून म्हणतो, ‘आपली मैत्री अमर राहो’, आणि चार गलबतं आणून माझी कात्री घेतली.

मिरची, मला काय झालं ते कळलंच नाही. मी उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. ‘अरे भडव्या, भाल्यानं जहाज बुडतं का रे? तुझ्या बापानं बुडवलं होतं? कोणी बनवला हा खेळ, त्याला बोलवा इकडे, त्याला भाला देते आणि समुद्रात उभा करते!’ पायातली चप्पल काढली आणि स्क्रीनवर त्याच्या तोंडावर हाणली. त्याचं हसू जाईना. आणखी एक हाणली.

मागून आवाज आला. घशात काही अडकल्यासारखा, खरखरीत. मी घाबरून वळले. वाटलं, गेला हा.

हसत होता. अर्ध्याच तोंडानं, उरलेलं अर्धं तसंच, पण पोट गदगदा हलत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. डिसेंबरापासून त्याच्या तोंडातून निघालेला पहिला आवाज, आणि तो मला हसण्याचा!

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ‘हसतोस? लाज नाही वाटत? इथे माझी कात्री गेली आणि तू हसतोस? एवढा शहाणा आहेस तर ऊठ, घे परत!’ तर आणखीच हसायला लागला. मी उशी फेकून मारली. त्यानं डाव्या हातानं ती झेलली आणि तोच हात माझ्याकडे पुढे केला. उठव म्हणून.

ओढत, ढकलत खुर्चीपर्यंत नेला. मग तो बोट दाखवी, मी बटण दाबी. चुकलं की कपाळावर हात मारून घेई. मी म्हणे, ‘नीट दाखव ना, मला काय तुझ्या बोटातलं कळतं?’ तो खुर्चीच्या हातावर मूठ आपटी. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही भांडत होतो. तो एका हातानं, मी आख्ख्या तोंडानं. न भांडणाऱ्या माणसाबरोबर राहणं काय असतं, मिरची, ते तुला नाही कळायचं. घरात पंख्याचा आवाजसुद्धा अंगावर येतो.

आता मी सांगून टाकलंय, व्यायाम झाल्याशिवाय मशीन उघडणार नाही. डोळे वटारतो. वटार म्हटलं. काल ती मुलगी आली तेव्हा भिंतीकडे वळला नाही. तिनं ‘पा’ म्हणा, ‘मा’ म्हणा म्हणून सांगितलं, हा म्हणाला, ‘भा’. मग घाम फुटेस्तोवर, ‘भाम’. ती म्हणाली, हे कोण? मी म्हटलं, आमचे शेजारी आहेत.

तुझ्या येण्याचं पुन्हा विचारलं. अजून मान हलवतो. तोंडाकडे बोट दाखवतो. पण या खेपेला चादर ओढली नाही.

वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

तो हसला आणि ते तू ऐकलंस, मी नाही. याचा मला किती राग आलाय, तुला कल्पना नाही. लहानपणी मी हरले की तो असाच पोट धरून हसायचा, मी त्याला चावायचे, आणि तो आणखी हसायचा. ते हसू आधी माझं होतं. तू चप्पल मारून मिळवलंस, म्हणून काही बोलता येत नाही.

आणि हे विचारणं बंद कर. रोज विचारायचं, रोज त्यानं मान हलवायची, हे काय लावलंय तुम्ही? विचारत राहिलीस तर तो जन्मभर नाही म्हणेल. तो पुन्हा पेला फेकेल अशी भीती वाटते ना तुला? स्टीलचे पेले घेऊन येते.

तोंड वाकडं झालं म्हणतो. माझं पोट कशावर चालतं, विसरला का तो? सगळा दिवस मी माणसांची तोंडंच बघते. बसलेली, ओघळलेली, अर्धी गेलेली, आत एकही दात नसलेली. त्यांचे साचे घेते, हातात धरून उन्हात बघते. एकाही तोंडाची मला आजवर किळस आली नाही. मग ज्या तोंडानं मला पहिली शिवी शिकवली, त्याची येईल?

डाव जोडलेला नाही. तो मी तिथेच बसून खेळणार आहे, त्याच्या शेजारी, त्याच स्क्रीनवर. तू दोन दिवस पाठ टेकून झोप. तुझी कात्री परत घ्यायची की नाही, ते आम्ही बहीणभाऊ बघू.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. त्याला आत्ताच सांग, वाचून दाखव हे, शब्द न् शब्द. दादाला माझ्यासमोर यायची लाज वाटत असेल तर त्यानं डोळे मिटून घ्यावेत. मी मिटणार नाही.

मिरची